खोम की उष्णता?



मागचा अंक निघाल्यावर एका बहिणीचा मला फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, आवाज मात्र खणखणीत. म्हणाल्या, "आमच्या कुपत खोलीममध्ये नवीन पोरगा आलाय, अजून शिकतोच आहे. परवा मला विचारतो, आम्ही डॉक्टर लोक मधून मधून एकत्र बसतो, तिथे तुमच्याविषयी बोललो तर चालेल का? नाव सांगणार नाही म्हणाला. मी सरळ 'लो' म्हटले. आपली दुखणी काय चारचौघांत वाटायची? बरोबर केले ना मी?"

फोनवर मी काहीतरी गुळमुळीत बोलले. "तुमची मर्जी, ताई," वगैरे. खरे उत्तर द्यायचे तर एक जुनी गोष्ट सांगावी लागली असती, आणि त्या गोष्टीत मी काही फार चांगली दिसत नाही. पण फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. म्हणून या वेळच्या पानावर ब्लडप्रेशर नाही, मिठाचे पथ्य नाही. तीच गोष्ट सांगते.

दक्षिणेकडच्या एका गावात मी बरीच वर्षे दवाखान्यात नर्स होते. आमच्याकडे सगळ्या मुलखांतली माणसे यायची. मोरोक्कोची, रशियाची, आणि आपली बेने इस्राएल तर पुष्कळच. त्यांच्यातल्या एका बाईंना आपण नुसते मावशी म्हणू. त्या आता हयात नाहीत. त्यांच्या मुलीला विचारून लिहीत आहे, आणि ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्या आहेत.

मावशी कुलाबा जिल्ह्यातल्या, समुद्राकाठच्या. इथे आल्यावर कापडाच्या कारखान्यात वीस वर्षे राबल्या. हिब्रू आली ती कारखान्यातली आणि शूकमधली. हिशोबाला, भाजीला, भांडायला पुरेल इतकी. डायबेटीस जुना. नवरा जाऊन चार वर्षे झालेली, मुले लांब. दर आठ-पंधरा दिवसांनी तोर घेऊन यायच्या आणि खुर्चीत बसता बसता सांगायच्या, "डॉक्टर, येश ली खोम."

खोम म्हणजे ताप. मग थर्मामीटर. छत्तीस पॉइंट सहा. पुढच्या वेळी पुन्हा खोम, पुन्हा छत्तीस पॉइंट सहा. रक्त तपासले, त्यात काही नाही. लघवी स्वच्छ. छातीचा फोटो स्वच्छ. प्रत्येक वेळी अकामोलची गोळी मिळायची. एक डॉक्टर बदलून गेला, दुसरा आला. त्याने कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवले, मग लघवीच्या डॉक्टरकडे, मग मोठ्या इस्पितळात तापाच्या तज्ज्ञाकडे. सगळ्यांनी सुंदर अक्षरात लिहून पाठवले : ताप नाही. फाइल जाड होत गेली. शेवटी कोणीतरी त्यात लिहिले की बाई फार काळजी करतात, एकट्या राहतात. तेवढे एक वाक्य फाइलमध्ये शिरले की पुढचा प्रत्येक जण आधी तेच वाचतो, हे मी इतक्या वर्षांत पुष्कळदा पाहिले आहे.

आता माझा भाग. थर्मामीटर लावणारी मीच होते. आणि मी मावशींशी हिब्रूतच बोलायची. आपली माणसे आली की मी मुद्दाम हिब्रू बोलायची, म्हणजे बाकीच्यांना वाटू नये की ही 'होदीत' आपल्या लोकांना पुढे काढते. एकदा मावशी मराठीत काही सांगू लागल्या होत्या. मी म्हटले, "मावशी, डॉक्टरांना समजेल असे हिब्रूत सांगा." आणि थर्मामीटर पुढे केला.

त्या सुमारास आमच्याकडे एक तरुण डॉक्टर आला. मेडिकल पुरे झालेले, पण फॅमिली डॉक्टरचे पुढचे शिक्षण चालू. मुलगा हुशार, मनाने चांगला. महिन्याभरात मला म्हणाला, "सकाळच्या यादीत या बाईंचे नाव दिसले की माझ्या पोटात गोळा येतो." मी हसले. मी म्हटले, "सगळ्यांच्याच येतो."

त्याने मावशींची गोष्ट आपल्या गटात मांडली. हा गट म्हणजे काय, ते नीट सांगितले पाहिजे, नाहीतर आपल्या डोळ्यांपुढे भलतेच चित्र येते.

आपल्यापैकी जे मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात कधी पडून राहिले असतील त्यांना सकाळचा राउंड आठवेल. मोठे डॉक्टर पुढे, हाउसमन मागे, त्यांच्यामागे पांढऱ्या कोटातली पंधरा-वीस मुले. खाटेभोवती घोळका. "हं, पोट दाखवा." मग इंग्रजीत चर्चा, एखादा विद्यार्थी चुकला की त्याला सगळ्यांदेखत झाड, आणि घोळका पुढच्या खाटेला. खाटेवरचे माणूस विचारते, "काय म्हणाले हो?" सांगायला कोणी थांबलेले नसते. ट्रेनिंगच्या दिवसांत मीही त्या घोळक्याच्या कडेला ट्रे धरून उभी राहिले आहे. डॉक्टर त्यातून पुष्कळ शिकले, यात शंका नाही. पण चारचौघांत वाटायचे नाही असे फोनवरच्या ताई म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे तोच घोळका असणार.

एकेका रोग्याची हकीकत घेऊन तिच्यावर चर्चा करून शिकवायचे, ही पद्धत तशी जुनी आहे. अमेरिकेत बॉस्टनला वॉल्टर कॅनन नावाचा मेडिकलचा विद्यार्थी होता. वकिलीचे शिक्षण घेणारा त्याचा मित्र खरे खटले वाचून, त्यांवर वाद घालून शिकत असे, आणि आपण मात्र तासन्‌तास नुसती लेक्चरे ऐकतो, याचे त्याला वैषम्य वाटले. 1900 साली त्याने लेख लिहून सुचवले की डॉक्टरांनाही असेच शिकवा. तिथल्याच डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनी ते उचलले. एक हकीकत सर्वांपुढे ठेवायची, एका जाणत्या डॉक्टरने मोठ्याने विचार करत निदानाकडे जायचे, आणि अखेरीस ज्याने शरीराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आहे त्याने खरे काय ते सांगायचे. जाणता डॉक्टर चुकला तर सगळ्यांसमोर चुकायचे. बॉस्टनच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात अशा हकीकती आजही छापून येतात. पण तिथे प्रश्न एकच असतो : रोग कोणता?

आमच्या तरुण डॉक्टरचा गट निराळा. त्याला बालिंट ग्रुप म्हणतात, आणि ज्याच्या नावाने म्हणतात तो माणूस आपल्या वाचकांना ठाऊक असावा असा आहे.

मायकेल बालिंट 1896 मध्ये बुडापेस्टला एका यहुदी घरात जन्मले. वडील साधे, गल्लीतले डॉक्टर. मुलगा डॉक्टर झाला आणि पुढे मनाच्या दुखण्यांकडे वळला. वडिलांसारख्या साध्या डॉक्टरांना एकत्र बसवून त्यांच्या रोग्यांविषयी बोलावे, ही कल्पना त्यांनी बुडापेस्टलाच करून पाहिली होती. पण काळ असा, की बैठकीत साध्या वेशातला पोलीस येऊन बसे आणि बोललेले सगळे टिपून घेई. अशा खोलीत कोण मन मोकळे करणार? ते बंद पडले. 1939 मध्ये बालिंट इंग्लंडला मँचेस्टरला आले, आणि त्याच वर्षी त्यांची पत्नी वारली. पुढे हंगेरीत आईवडिलांनी नाझींच्या हाती पडण्यापेक्षा स्वतःच जीवन संपवले. एवढे सगळे पाठीशी घेऊन हा माणूस लंडनला टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये कामाला लागला.

इंग्लंडात तेव्हा, 1948 पासून, सरकारी आरोग्य सेवा नुकती सुरू झाली होती. डॉक्टर फुकट, त्यामुळे दवाखान्यांत ही गर्दी. गल्लीतल्या डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागले की आपल्याकडे येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचे दुखणे पुस्तकात सापडत नाही, आणि कॉलेजात याविषयी आपल्याला कोणी काही शिकवलेले नाही. एनिड नावाच्या एक बाई समाजकार्य करणाऱ्यांचे असे गट आधीपासून चालवत होत्या. जोडप्यांच्या भांडणांत काम करणाऱ्या त्यांच्या सोबतिणी एकेक घराची हकीकत कागद न बघता सांगायच्या आणि बाकीच्या त्यावर बोलायच्या. बालिंटनी हीच रीत डॉक्टरांसाठी घेतली. 1953 मध्ये दोघांनी लग्न केले. पद्धतीला नाव नवऱ्याचे लागले. माझ्या मते त्यातला मोठा वाटा बाईंचा आहे, पण जगाची रीत आपल्याला ठाऊक आहे. आठवड्यातून एकदा डॉक्टर जमत. त्यांच्यातल्या चौदा जणांच्या कामावरून बालिंटनी 1957 मध्ये डॉक्टर, रोगी आणि आजार यांच्यावर पुस्तक लिहिले, आणि ते पुष्कळ देशांत वाचले गेले.

त्या पुस्तकातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली अशी की डॉक्टर सगळ्यात जास्त जे औषध देतो ते म्हणजे स्वतः डॉक्टरच. त्याचे बोलणे, बघणे, थांबणे. पण हे औषध किती द्यावे, केव्हा द्यावे, त्याने अपाय काय होतो, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेले नाही. दुसरी अशी की रोगी एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे फिरत राहतो, प्रत्येक जण आपल्यापुरते बघून मोकळा होतो, आणि अखेर त्या माणसाची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. मावशींची जाड फाइल आठवा.

बैठक कशी चालते ते त्या डॉक्टरनेच मला सांगितले. आठ-दहा डॉक्टर गोल खुर्च्या टाकून बसतात. एक-दोन अनुभवी माणसे गट सांभाळतात. "आज कोणाकडे काय आहे?" असे विचारले जाते. ज्याच्या मनाला एखादा रोगी टोचत असेल तो बोलतो. फाइल आणायची नाही. जे आठवते ते सांगायचे, कारण काय आठवते आणि काय विसरायला होते, त्यातही काही अर्थ असतो. रोग्याचे नाव घ्यायचे नाही. बाकीचे दोन-चार साधे प्रश्न विचारतात. मग सांगणारा आपली खुर्ची थोडी मागे घेतो आणि गप्प बसतो. हे सगळ्यात कठीण. आता बाकीचे बोलतात : मी ती बाई असते तर मला काय वाटले असते? या डॉक्टरला तिचा राग का येतो? ती दर वेळी काय मागते आणि तिला काय मिळते? "हे औषध दे, ती टेस्ट कर" असा सल्ला द्यायला मनाई. डॉक्टरच्या घरच्या भानगडी उकरायलाही मनाई. अखेरीस खुर्ची पुन्हा पुढे. काही ठरलेच पाहिजे असे नाही. खोलीतले बोलणे खोलीतच राहते.

म्हणून दुसऱ्यांनी काय काय म्हटले ते त्याने मला सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. स्वतःपुरते मात्र सांगितले. त्याने गटाला सांगितले होते की माझी एक रोगी माझ्याशी खोटे बोलते. ताप नसताना ताप म्हणते, आणि थर्मामीटर हा माझा साक्षीदार आहे. त्यावर कोणीतरी विचारले, "आणि ती खरे बोलत असेल तर?" दुसऱ्याने विचारले, "ती कुठून आली? तिच्या भाषेत या शब्दाला काय म्हणतात?" याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. वर्षभरात आपण त्या बाईंना ताप कुठे वाटतो, केव्हा वाटतो, एवढेही विचारले नाही, हे मागे सरकवलेल्या खुर्चीत बसून त्याच्या ध्यानात आले. तो म्हणाला, "मला लाज वाटली, पण कोणी मला लाजवले नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कपाटात इंजेक्शने लावत असताना, त्याने मला विचारले, "तुमच्या भाषेत खोम म्हणजे काय?"

मी म्हटले, "ताप." आणि मग हातातला डबा हातातच राहिला. वाचकहो, तुमच्याही लक्षात आलेच असेल. खोम म्हणजे ताप, आणि खोम म्हणजे नुसती गरमीसुद्धा. मावशी उष्णता म्हणत होत्या! आपल्या घरात लहानपणापासून ऐकलेला शब्द. तोंड आले, उष्णता झाली. डोळे जळजळले, उष्णता झाली. लघवीला आग, उष्णता. हिब्रूत याला शब्दच नाही. मावशींना जो सगळ्यात जवळचा सापडला तो त्यांनी वापरला, आणि दवाखान्यात तो शब्द समजू शकणारी एकच बाई होती, ती थर्मामीटर घेऊन उभी होती.

मावशींना बोलावून घेतले. दार लावले, डॉक्टरने खुर्ची टेबलाच्या या बाजूला आणली. मी मराठीत विचारले, "मावशी, उष्णता कुठे होते तुम्हाला?"

त्यांनी आधी माझ्याकडे बघितले. मग म्हणाल्या, "आता विचारतेस होय गो!" आणि बांध फुटावा तसे बोलल्या. तळपायांची आग. दिवसा कमी, रात्री अंथरुणावर पडले की पाय नुसते निखाऱ्यावर ठेवल्यासारखे. चादर सहन होत नाही. उठून मोरीत पाय ओले करायचे, मग थंड लादीवर अनवाणी फिरायचे, दोन-दोन वाजेपर्यंत. सब्जाचे पाणी झाले, धण्याचे पाणी झाले, मुलीने पाठवलेला गुलकंद थोडा थोडा करून संपला. (डायबेटीसमध्ये गुलकंद! पण ते त्या दिवशी मी बोलले नाही.) मी विचारले, "आणि अकामोल?" तर म्हणाल्या, "अकामोलने उष्णता कशी जाईल, बाय? ते तापाचे औषध. पण तो पोरगा एवढ्या प्रेमाने देतो, म्हणून घेते."

डॉक्टरने मोजे काढायला सांगितले. उजव्या करंगळीखाली एक जखम होती, शेंगदाण्याएवढी, कडा पांढऱ्या पडलेल्या. मावशींना तिचा पत्ताच नव्हता. आग होत होती, पण टोचलेले कळत नव्हते. डायबेटीसमध्ये नसा बिघडल्या की हे दोन्ही एकाच पायात असू शकते. डायबेटीसवाल्यांचे पाय वर्षातून एकदा तरी मोजे काढून, बोटांच्या फटींत बघून तपासायचे असतात. फाइलमध्ये त्या वर्षीच्या रकान्यात 'पाय तपासले' अशी खूण होती. ती माझ्या हातची होती. त्या दिवशी रांग लांब होती, मावशींचे मोजे घट्ट होते, आणि त्या म्हणाल्या होत्या, "राहू दे गो, पायाला काही नाही." मी खूण केली आणि पुढचे नाव पुकारले.

दुसरी गोष्ट रक्तात निघाली. बी-12 जीवनसत्त्व फार कमी होते. मावशी मेटफॉर्मिन, म्हणजे ज्याला आपण इथे ग्लुकोफाज किंवा ग्लुकोमिन म्हणतो, ती गोळी कितीतरी वर्षे घेत होत्या. ही गोळी चांगली आहे, पण वर्षानुवर्षे घेतल्यावर काही लोकांच्या शरीरात बी-12 कमी होत जाते, आणि मग पायांना आग, मुंग्या, थकवा, विसराळूपणा असे सुरू होऊ शकते. त्यात बी-12 मिळते मासे, मटण, अंडी, दुधातून, आणि मावशी दात गेल्यापासून पेज आणि बटाट्यावर आल्या होत्या. कोणी असे समजू नका की गोळी बंद करायची. गोळी स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नका. पुष्कळ वर्षे घेत असाल आणि पायांना असे काही होत असेल तर बी-12 तपासायचे का, एवढे डॉक्टरला विचारा.

जखम भरायला सात आठवडे गेले. रोज ड्रेसिंग मी केले. बी-12 ची इंजेक्शनेही मीच दिली. आग काही महिन्यांत निम्म्यावर आली. पुरती गेली नाही, कारण डायबेटीसने नसांचे जे व्हायचे ते झालेच होते. मावशींचे दवाखान्यात येणेही थांबले नाही. एकटेपणाविषयी फाइलमध्ये लिहिले होते ते खोटे थोडेच होते? पण आता त्या आल्या की डॉक्टरच्या पोटात गोळा येत नसे. तो त्यांच्याकडून 'पाय', 'आग', 'बरे आहे' असे शब्द शिकला आणि चुकीच्या ठिकाणी वापरू लागला.

आपल्याविषयी डॉक्टरांच्या गटात बोलणे झाले हे त्याने स्वतःच मावशींना सांगितले. मी भाषांतर करत होते आणि मनातून घाबरले होते. मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग मला म्हणाल्या, "नऊ डॉक्टर? माझ्या पायासाठी? आणि एकानेही गोळी लिहून दिली नाही?" त्यानंतर आपल्या लोकांत जिथे जिथे जमणे होई, मलिदा असो की बार मित्झवा, तिथे त्या ही गोष्ट सांगत. प्रत्येक वेळी डॉक्टरांची संख्या दोनाने वाढे.

आता याची दुसरी बाजूही सांगते. बालिंटच्या पद्धतीने सगळे रोग सापडतात असे नाही, ती त्यासाठी नाहीच. आणि एखादा डॉक्टर ती उलटी वापरून "हे सगळे मनाचे आहे" म्हणून हात झटकू शकतो. मी तसेही पाहिले आहे. शरीर तपासणे त्याने टळत नाही, मोजे काढावेच लागतात. गट भरवल्याने किती रोगी सुधारले, हे मोजायलाही कठीण. माझ्यापुरते एवढे सांगू शकते, की त्या गटात प्रश्न विचारला गेला नसता तर मावशींची करंगळी आम्ही काळी पडल्यावर पाहिली असती.

इस्रायलमध्ये फॅमिली डॉक्टर होणाऱ्यांच्या शिक्षणात असे गट बऱ्याच ठिकाणी असतात. नाव घेत नाहीत, म्हणून डॉक्टर दर वेळी परवानगी विचारतोच असे नाही. विचारले तर तो चांगला शिकला आहे असे समजा. रोग्याची गुपिते राखण्याविषयी 1996 पासून आपल्या देशात कायदा आहे, रोग्याच्या हक्कांचा. तुम्ही "नको" म्हटलेत तरी तुमचे औषधपाणी त्याने कमी करता कामा नये. आणि विद्यार्थ्यांचा घोळका खोलीत आला, तुम्हाला अवघड वाटले, तर "एकच जण थांबा" म्हणायला लाजू नका. मुंबईला आपण म्हणू शकलो नाही, इथे म्हणता येते.

गट असो नसो, डॉक्टरपुढे आपले शब्द आधी मराठीत मनाशी म्हणून बघा. उष्णता म्हणायचे असेल तर खोम म्हणू नका. कुठे जळते तिथे बोट ठेवा आणि "सोरेफ" म्हणा. एक काका "पाय तुटतात" हे हिब्रूत शब्दशः सांगून बसले आणि त्यांना दोन्ही पायांचे एक्स-रे काढून यावे लागले! ते हसण्यावारी गेले. पण "जीव घाबरतो" हे हसण्यावारी नेऊ नका. आपण ते छातीत कसेतरी होते, घाम सुटतो, दम लागतो, या सगळ्याला म्हणतो. हिब्रूत ते "पाखद" होते, म्हणजे भीती, आणि समोरचा भीतीचे औषध देतो. छातीत दाब, घाम, श्वास कमी पडणे असे अचानक झाले, तर तोरची वाट बघायची नाही, 101 ला फोन करायचा. बायकांत आणि डायबेटीसवाल्यांत हृदयाचे दुखणे कधी कधी छातीत न दुखताही येते. शक्य असेल तेव्हा दोन्ही भाषा येणारे नातवंड बरोबर न्या, आणि गोळ्यांची नावे आठवत बसण्यापेक्षा डबे पिशवीत घालून न्या.

हे सगळे लिहिण्याआधी मी त्या ताईंना फोन केला आणि मावशींची गोष्ट सांगितली. माझ्या खुणेसकट सांगितली. त्या ऐकून घेत होत्या. मग विचारले, "त्या पोराला माझ्याविषयी काय बोलायचे असेल गं?" मी म्हटले, "ते त्यालाच विचारा."

"विचारते," त्या म्हणाल्या. "हो म्हणते त्याला. पण सांगणार आहे, माझ्या सुनेविषयी मी जे बोलले ते तिथे काढायचे नाही."